गर्जेल तो पडेल काय? : विजेपासूनच्या संरक्षणाचा एक धावता इतिहास

१

'मेघदूता'तला मेघ उज्जयिनीवर पोहोचतो तेव्हा यक्ष त्याला एक नाजूक विनंती करतो. काळोख्या रात्री प्रियकरांकडे निघालेल्या अभिसारिकांना विजेच्या सुवर्णरेषेने वाट दाखव, पण गर्जू नकोस; त्या बिचाऱ्या भित्र्या आहेत. काव्य म्हणून या विनंतीत काहीच उणे नाही. वीज ही मेघाची सहचरी आहे, तिचे काम उजेड देण्याचे आहे आणि गडगडाट हा रसभंग आहे, अशी ही व्यवस्था आहे. तडिता, चपला, सौदामिनी, विद्युल्लता, दामिनी ही आपल्या कवींच्या हाताशी असलेली विजेची नावे पाहिली, तर त्यांतली बहुतेक डोळ्यांना दिपवणारी आहेत. 'अशनी' आणि 'वज्र' हे कठोर शब्द काव्यात येतात ते बहुधा उपमेसाठी : कोणाच्या तरी मनावर वज्राघात होतो.

व्यवहारातली मराठीही गडगडाटाला फारशी किंमत देत नाही. 'गर्जेल तो पडेल काय, बोलेल तो करील काय' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यातला मेघ म्हणजे पोकळ बढाईचा पुतळा. पावसापुरते पाहिले तर म्हण खरी ठरेलही. विजेच्या बाबतीत मात्र ती नेमकी उलटी आहे. गर्जना कानावर आली याचाच अर्थ असा की वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकेल इतक्या अंतरावर आहे. वीज जाते तेव्हा तिच्या वाटेतली हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि स्फोटासारखी प्रसरण पावते. तो आवाज म्हणजे गडगडाट. तो साधारणपणे पंधरा-वीस किलोमीटरांच्या आतच ऐकू येतो. आणि वीजही पावसाच्या सरीपासून पंधरा किलोमीटर दूर, जिथे डोक्यावर निरभ्र आकाश आहे अशा ठिकाणी, पडू शकते. यक्षाने मेघाला जे करू नकोस म्हणून विनवले, ते म्हणजे उघड्या रानात असलेल्या माणसाला निसर्गाकडून मिळणारी एकमेव सूचना होय.

वादळी विजेपासून स्वतःला वाचवण्याचा माणसाचा इतिहास या दृष्टीने पाहावा, असे आम्हांला वाटते. हा इतिहास बहुधा शोधांचा म्हणून सांगितला जातो. आम्हांला तो सूचनेचा आणि निवाऱ्याचाही वाटतो : सूचना कोणाच्या कानी पडली, निवारा कोणाला मिळाला आणि उघड्यावर कोण राहिले.

२

प्राचीनांना विजेचे केवळ सौंदर्यच दिसले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या अवंतीच्या आकाशात कालिदासाने आपला मेघ थांबवला, त्याच परिसरात सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिता' लिहिली. तिच्यातील उल्कालक्षणाच्या अध्यायात आकाशातून पडणाऱ्या तेजाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत 'अशनी' व 'विद्युत्' यांना वेगवेगळे स्थान आहे. अशनी मोठा आवाज करीत माणसे, हत्ती, घोडे, घरे आणि झाडे यांवर कोसळते, असे तिचे वर्णन आहे. ही नोंद डोळे उघडे ठेवून केलेली आहे. वीज कशावर पडते याची ती जवळजवळ यादीच आहे. पण ग्रंथाचा हेतू शकुनांचा आहे. वीज पडण्याचा अर्थ काय, हा त्याचा प्रश्न आहे. वीज पडत असताना गुराख्याने कुठे जावे, हा नव्हे.

त्या दुसऱ्या प्रश्नाला परंपरेने दिलेले उत्तर शब्दांचे होते. जैमिनी, वैशंपायन, सुमंतू आदी ऋषींची नावे घेतली की वज्राचे निवारण होते, अशी समजूत संस्कृत परंपरेत रुजली. भारताच्या काही भागांत हेच काम अर्जुनाच्या नावांकडे आले. महाराष्ट्रात एक निराळी समजूत घट्ट आहे : वीज पायाळू माणसावर पडते. जन्माला येताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने पाऊस-वादळात घराबाहेर पडू नये. या समजुतीला कसलाही आधार नाही. पण ती काय करते ते पाहण्यासारखे आहे. एका माणसाला ती घरात बसवते, आणि त्याच्यापुरता सल्ला अनवधानाने योग्यच ठरतो. उरलेल्या सर्वांना मात्र ती निर्धास्त करते. धोका जागेत आहे, वेळेत आहे, उंचीत आहे. समजूत तो जन्मात शोधते. ज्याच्यावर वीज पडली त्याच्यातच काही तरी खोट असणार, हा निष्कर्ष मग फार दूर राहत नाही.

युरोपातला मार्ग आवाजाचा होता. वादळ घोंघावू लागले की चर्चच्या घंटा वाजवायच्या. मंतरलेल्या घंटेचा नाद वीज मोडतो, अशी श्रद्धा होती आणि 'मी विजेला भंगवते' अशा अर्थाची लॅटिन अक्षरे कित्येक घंटांवर कोरलेली असत. गावातली सर्वांत उंच इमारत चर्चची, तिच्या मनोऱ्यात धातूची घंटा, घंटेला बांधलेला बहुधा ओला दोर आणि दोराच्या टोकाला माणूस : विजेला जमिनीकडे नेण्याची याहून चोख व्यवस्था मुद्दाम करूनही जमली नसती. १७८४ साली म्युनिकमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात तेहेतीस वर्षांचा हिशेब मांडला आहे : ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटावादक दोर ओढता ओढता मेले. त्याच दशकात युरोपातील अनेक राज्यांनी वादळात घंटा वाजवण्यास बंदी केली. तरी प्रथा सहजी सुटली नाही. ज्या आवाजाने गाव धीर धरत होते तो बंद करायचा म्हणजे गावाला भीतीच्या स्वाधीन करायचे, असे लोकांना वाटले असावे.

३

तोवर नवे साधन येऊन तीन दशके झाली होती. बेंजामिन फ्रँकलिनने सुचवलेला प्रयोग १० मे १७५२ रोजी पॅरिसजवळच्या मार्ली गावी झाला आणि ढगातली वीज व प्रयोगशाळेतली वीज एकच आहे, हे सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये असाच प्रयोग करताना प्राध्यापक रिशमान विजेच्या आघाताने मरण पावले. फ्रँकलिनने आपल्या १७५३च्या पंचांगात घरे आणि जहाजे विजेपासून कशी राखावीत, हे सोप्या भाषेत छापले : छपरावर लोखंडी सळई, तिला जोडलेली तार आणि तारेचे दुसरे टोक ओल्या जमिनीत. शाळेच्या पुस्तकांतून आपण त्याला 'तडितरक्षक' म्हणून ओळखतो. आज महाराष्ट्रातील सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत त्याला 'वीज अटकाव यंत्र' म्हणतात. दुसरे नाव थोडे फसवे आहे. सळई विजेला अडवत नाही. ती विजेला वाट देते, म्हणून भिंत वाचते.

एवढ्या साध्या वस्तूवर जो वाद माजला तो वाङ्मयाच्या अभ्यासकांनी मुद्दाम वाचावा. १७५५ साली बोस्टन परिसरात भूकंप झाला तेव्हा थॉमस प्रिन्स या धर्मोपदेशकाने शंका काढली की शहरात इतक्या सळया उभारल्याने आकाशातली वीज जमिनीत साचून तर धरणी हादरली नसेल? हार्वर्डच्या जॉन विंथ्रॉपने त्याचे खंडन केले. फ्रान्समधील सेंतोमेर गावात व्हिसरी नावाच्या एका गृहस्थाने १७८० साली घरावर वीजवाहक बसवला, तेव्हा शेजाऱ्यांनी तक्रार केली की हा आमच्यावर वीज ओढवून घेत आहे. आणि गावच्या अधिकाऱ्यांनी तो उतरवण्याचा हुकूम दिला. प्रकरण आरासच्या न्यायालयात गेले. १७८३ साली व्हिसरीची बाजू मांडून खटला जिंकणारा पंचविशीतला वकील होता मॅक्सिमिलियन रोबेस्पिएर. आपल्या भाषणांची छापील प्रत त्याने फ्रँकलिनला पाठवली. पुढे ज्याच्या नावाने फ्रान्स थरथरणार होता, त्याच्या कीर्तीचा आरंभ एका सळईच्या वकिलीने झाला.

इंग्लंडातला वाद टोकाचा होता, अगदी शब्दशः. दारूगोळ्याच्या कोठारांवर टोकदार सळया लावाव्यात, असा सल्ला रॉयल सोसायटीच्या समितीने १७७२ साली दिला; समितीत फ्रँकलिन आणि कॅव्हेंडिश होते. बेंजामिन विल्सन या सदस्याचे मत वेगळे पडले : टोक वीज बोलावते, म्हणून सळईला गोल गुंडी हवी. १७७७ साली पर्फ्लीटच्या कोठारावर वीज पडून किरकोळ नुकसान झाले आणि वाद पुन्हा पेटला. तोवर अमेरिकेने स्वातंत्र्य पुकारले होते. टोकदार सळई बंडखोरांची आणि गुंडी राजनिष्ठांची, अशी वाटणी झाली; तिसऱ्या जॉर्जने गुंडीचा पक्ष घेतला. या कथेत राजा हास्यास्पद ठरतो खरा. पण २००० साली चार्ल्स मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोच्या डोंगरावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली, त्यांत वीज आपल्याकडे घेण्याचे काम अणकुचीदार टोकांपेक्षा किंचित बोथट सळयांनी अधिक चांगले केल्याचे दिसले. राजाचे कारण चुकीचे होते, निवड तेवढी अपघाताने बरी निघाली. इतिहासात असेही घडते.

आमचा मुद्दा मात्र या वादाच्या पलीकडचा आहे. सळईने प्रथम कोणाला वाचवले? १८ ऑगस्ट १७६९ रोजी इटलीतील ब्रेशिया शहरात सान नाझारो येथे साठवलेल्या बंदुकीच्या दारूवर वीज पडली आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्या धक्क्यानंतर युरोपातल्या सरकारांचे लक्ष कोठारांकडे वळले. मग चर्च, राजवाडे आणि जहाजे आली. विल्यम स्नो हॅरिसने डोलकाठीत तांब्याच्या पट्ट्या बसवण्याची पद्धत काढली. डार्विनला घेऊन १८३१ साली निघालेल्या 'बीगल'वर ती होती आणि १८४०च्या दशकात ब्रिटिश नौदलाने ती सर्रास स्वीकारली. दारूगोळा, देवालय, प्रासाद आणि आरमार : जे मौल्यवान होते त्याला सळई मिळाली. सळई वास्तू राखते आणि वास्तूच्या आत असलेल्याला राखते. शेतात वाकून काम करणाऱ्यासाठी या दीडशे पानी वादात एक परिच्छेदही सहसा सापडत नाही.

४

त्या माणसाचे काय झाले, हे विसाव्या शतकाचे आकडे सांगतात. अमेरिकेत १९४०च्या दशकाच्या आरंभी विजेने वर्षाला तीनशेहून अधिक माणसे मरत. अलीकडच्या काळात ही संख्या बहुधा तिसाच्या आत असते, आणि मध्यंतरी लोकसंख्या दुपटीहून अधिक वाढली आहे. हा चमत्कार एखाद्या नव्या यंत्राने केला नाही. शेतात राबणाऱ्यांची संख्या घटली. घरे पक्की झाली, त्यांत नळ आणि विजेच्या तारा आल्या आणि त्या धातूने वीज जमिनीत नेण्याची वाट आपोआप तयार झाली. बंद मोटारी आल्या. पुढे इशारे व शिक्षण आले. थोडक्यात, माणसे छपराखाली गेली.

आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात विजेच्या बळींची संख्या २०२१ साली २,८८० आणि २०२२ साली २,८८७ आहे. निसर्गाच्या कोपाने होणाऱ्या मृत्यूंत इतका मोठा वाटा पुराचाही नसतो. २५ जून २०२० या एका दिवसात बिहारमध्ये ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यांतले बहुतेक शेतांत होते. ११ जुलै २०२१ रोजी जयपूरच्या आमेर किल्ल्यासमोरील बुरुजावर पाऊस पाहायला आणि छायाचित्रे काढायला गेलेले अकरा जण दगावले. त्याची बातमी देशभर झाली. एकेकट्या शेतमजुराची बातमी जिल्ह्याच्या पानावर चार ओळींत संपते. त्या चार ओळींत एक वाक्य ठरलेले असते : 'पावसापासून बचाव करण्यासाठी ते झाडाखाली थांबले होते.'

हे वाक्य वाचताना आम्हांला नेहमी वाटते की यात अज्ञानाहून अधिक काही आहे. मराठवाड्यात किंवा विदर्भात वळीव येतो तो दुपारनंतर, उन्हाने तापलेल्या रानावर, मार्च-एप्रिलपासून मृगापर्यंत. आणि पुन्हा परतीच्या पावसात. पेरणीपूर्व मशागत आणि काढणी याच दिवसांत असते. रानात छप्पर नाही, वस्ती दोन कोसांवर, मजुरी दिवसाची. झाड हे तिथले एकमेव छत्र असते. त्याखाली जाऊ नका, एवढेच सांगणे पुरेसे नाही; कुठे जावे, हे सांगता आले पाहिजे आणि तिथे वेळेत पोहोचता आले पाहिजे.

५

इथे सूचनेचा प्रश्न परत येतो. भारतीय हवामानखात्याची स्थापना १८७५ सालची. १९२८ साली त्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, तरी पुणेकरांच्या तोंडी 'सिमला ऑफिस' हे नाव राहिले. त्याच पुण्यात पाषाणला असलेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने वीज टिपणाऱ्या संवेदकांचे जाळे उभारले आणि त्यावर आधारलेले 'दामिनी' हे मोबाइलवरचे अ‍ॅप तयार केले. आपल्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटरांच्या टापूतील विजेची सूचना देणे हे त्याचे काम. नाव काव्यातले आहे, हा योग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. नामजप, घंटा, सळई अशी वळणे घेत संरक्षण पुन्हा शब्दापाशी आले. फरक इतकाच की हा शब्द विजेला उद्देशून नाही, माणसाला उद्देशून आहे.

पण शब्द पोहोचला नाही, किंवा पोहोचून पटला नाही, तर? फोन घरी असतो, चार्जिंग संपलेले असते, रेंज नसते. अशा वेळी ढगाची गर्जना हीच सूचना. म्हणून जे आज निश्चितपणे ठाऊक आहे ते एकदा सलग सांगणे हे शिक्षकाचेही काम आहे, असे मानून आम्ही ते इथे लिहितो.

गडगडाट ऐकू आला की थांबायचे नाही. पक्क्या घरात किंवा पत्र्याच्या टपाच्या बंद वाहनात जायचे. एसटीची बस चालेल. ट्रॅक्टर, दुचाकी, उघडे शेड, मचाण आणि देवळाचा मोकळा सभामंडप चालणार नाही. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की अंतर किलोमीटरांत मिळते. मात्र तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर हिशेब सोडून निघायचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. पाऊस ओसरला म्हणून रानात परतलेली माणसे बळी पडतात. झाडाचे संकट दुहेरी आहे. झाडावर पडलेली वीज उडी घेऊन शेजारच्या शरीरात शिरते आणि मुळांशी जमिनीतून पसरते. झाडाखाली बांधलेली गुरे एकाच वेळी मरतात ती या पसरलेल्या विजेने, कारण त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर मोठे असते. तळे, विहिरीचा काठ, तारेचे कुंपण आणि माळावरची उंच जागा टाळायची. घरात असताना नळ, आंघोळ आणि भिंतीतल्या वायरला जोडलेली उपकरणे यांपासून दूर राहायचे. हातातला मोबाइल वीज ओढत नाही. चार्जरला लावलेला मात्र धोक्याचा.

उघड्यावर उकिडवे बसावे, हा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. अमेरिकेच्या हवामान सेवेने २००८ साली तो देणे थांबवले; त्याने फारसे संरक्षण मिळत नाही आणि निवाऱ्याकडे जाण्याचा वेळ मात्र वाया जातो. निवारा नसेलच, तर सखल जागेकडे जावे आणि सोबत्यांनी एकमेकांपासून अंतर ठेवावे, म्हणजे एकाला आघात झाला तर दुसरा मदतीला उरतो. कारण मदतीने जीव वाचतो. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज 'राहत' नाही. त्याला हात लावता येतो. हृदय थांबले असेल तर तत्काळ छाती दाबण्याचे उपचार सुरू करून १०८ला फोन करावा. अमेरिकेतील नोंदींनुसार आघात झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण जगतात. शिवू नका, तो गेला, असे म्हणत मागे सरणारी गर्दी ही पायाळूच्या समजुतीचीच धाकटी बहीण आहे.

तयारी वळवाच्या आधीची. ढग जमण्याची वेळ दुपारनंतरची, म्हणून शक्य तिथे रानातले काम सकाळी उरकावे. गुरे झाडाखाली बांधू नयेत. रानापासून सर्वांत जवळचे पक्के छप्पर कोणते आणि तिथे पोहोचायला किती मिनिटे लागतात, हे मुलाबाळांसह सर्वांना ठाऊक असावे. यातले शेवटचे वाक्य लिहिताना आम्ही अडखळतो. कित्येक शिवारांत त्या प्रश्नाचे उत्तर 'जवळ कोणतेच नाही' असे आहे. वीज अटकाव यंत्र बसवलेली शाळा, समाजमंदिर किंवा साधी पक्की खोली रानाच्या वाटेवर असणे, हा शेवटी खर्चाचा आणि प्राधान्याचा प्रश्न आहे. अठराव्या शतकाने तो दारूगोळ्याच्या बाजूने सोडवला होता.

अभिसारिकांसाठी यक्षाने मेघाचे मौन मागितले, ते त्यांना जायला वाट होती आणि पोहोचायला घर होते म्हणून. ज्यांना घर दोन कोसांवर आहे त्यांनी मेघाकडे मागावे ते वेगळे : त्याने गर्जावे, लवकर गर्जावे. आणि आपण, भाषेचे अध्यापन करणाऱ्यांनी, ती म्हण फळ्यावर लिहून तिचा अर्थ सांगताना एक वाक्य जोडून द्यावे की गर्जेल तो पडेल. ऐकू आले की आत जा.